नावाडणीची खालची फाइल

कवळीवालीच्या मागच्या खोलीत भिंतभर फळ्यांवर गावातल्या लोकांची तोंडं मांडलेली असत. नुसती तोंडं, प्लास्टरची. दंतवैद्य ठसे पाठवत. ती त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढी, वरचा आणि खालचा बिजागरीच्या सांगाड्यात बसवी आणि दोघांचं पटतंय का ते बघे. पटल्याशिवाय कवळी पुढे जात नसे. लग्नं ठरवताना लोकांनी एवढी काळजी घेतली असती, तर कितीतरी घरांतल्या कपबशा वाचल्या असत्या.

त्या फळ्यांखाली एक जुना संगणक होता. त्याला इंटरनेट नव्हतं. घेतला तेव्हाच त्याचा तेवढा भाग जळालेला निघाला. वायरमन म्हणाला, "ताई, अर्ध्या तासाचं काम आहे." ती म्हणाली, "राहू दे. आहे तसा बरा आहे." त्या संगणकात एक शहर होतं, आणि शहराला बाहेरचं वारं लागू द्यायची तिची इच्छा नव्हती.

शहर खेळातलं होतं. दर रविवारी दुपारी कामाचं टेबल पुसून तिघं बसत: कवळीवाली, तिची मावशी आणि वायरमन. कवळीवाली जग सांगे, बाकीचे दोघं त्या जगातली माणसं होत, आणि जिथे नशिबाचा प्रश्न येई तिथे फासा टाकत. रोजच्या आयुष्यात रबरी चप्पल घातल्याशिवाय बटणालाही हात न लावणारा वायरमन तिथे राक्षसांच्या अंगावर धावून जाणारा पहिलवान होता. मावशीने इस्पितळात जन्मभर औषधांची कपाटं कुलूप लावून सांभाळली होती. ती खेळात चोरटी झाली, आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली सगळी भूक तिने त्या शहरावर भागवली. महापौराची काठी, देवडीवरची घंटा, एका विधवेचा पोपट. विकलं मात्र काहीच नाही, सगळं चोरटीच्या घरातल्या पोतडीत. "विकायला का चोरते मी?" ती विचारी.

एवढं सगळं लक्षात ठेवायचं म्हणजे नोंदी आल्या. त्या लावायची कवळीवालीची रीत तिच्या धंद्यातून आलेली होती. दोन कप्पे: 'वरचं' आणि 'खालचं'. वरच्यात खेळणाऱ्यांना माहीत असलेलं, खालच्यात त्यामागचं खरं. वर घंटा चोरीला गेली असेल, तर ती मुळात कुणी आणि कशासाठी टांगली होती ते खाली. प्रत्येक फाइलला जोडीदार हवाच. प्लास्टरची भुकटी कळफलकावर बसलेली असे. ती फुंकर मारून बसे आणि दुपारच्या पांढुरक्या उजेडात एकेक जोडी लावत जाई. मधूनच नजर फळ्यांकडे जाई, एखाद्या जबड्यावरून एखादा सावकार सुचे, आणि मग त्या शहरातल्या नदीवरचं धुकं हळूहळू खोलीत येऊन बसे.

मग मावशीने सांगितलं की ती मुलाकडे राहायला जाणार. कायमची. येता रविवार शेवटचा.

"रडू नकोस," मावशी म्हणाली. "माझी चोरटी तेवढी मार्गी लाव. ती नावाडीण आठवते? अगदी पहिल्या दिवसाची?"

"आठवते की."

"'एक दिवस तुला पलीकडे नेईन, तिथे तुझं काहीतरी आहे,' म्हणाली होती मेली. मी दर वर्षी विचारते काय आहे, आणि तू म्हणतेस, ठरलंय, कॉम्प्युटरमध्ये आहे. आता बघू दे तरी."

कवळीवाली हसली आणि मावशी गेल्यावर घाईने संगणकापुढे बसली. वरच्या कप्प्यात नावाडीण होती: काळी होडी, ओल्या बाह्या, ते वाक्य. खालच्या कप्प्यात काही नव्हतं. तिने नदीची फाइल धुंडाळली, धक्क्यांची धुंडाळली. 'ठरलंय' हे तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

शनिवारी वायरमनने तिचा चेहरा पाहिला. "ताई, अजून ऐका. नेट लावून देतो. त्यावर विचारलं की दोन मिनिटांत पलीकडचा काठ हजर."

"कुणाचा पलीकडचा काठ?"

"म्हणजे... चांगला काठ."

"दुसऱ्याच्या तोंडाची कवळी मावशीला बसवू?"

वायरमनने आपली पिशवी उचलली. पहिलवान असता तर वाद घातला असता.

उरलेली दुपार तिने उलटं काम केलं: खालच्या कप्प्यात वरची जोडी नसलेलं काही आहे का ते शोधू लागली. एक निघालं. पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं एक घर. शहरात जे जे नाहीसं होतं ते तिथे आपोआप येऊन मांडून राहतं. दिवा लावलेला असतो, घरात कुणी नसतं. तिथे कुणी कधी पोचलंच नाही, म्हणून तीही ते विसरून गेली होती. एक वरचा जबडा, एक खालचा, दोन निराळ्या दिवशी घडवलेले. असले कधी जुळत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने नावाडणीची आणि त्या घराची फाइल शेजारी उघडली आणि ओळीला ओळ लावून पाहिली. कुठे खुपत नव्हतं.

रविवारी धुक्यातून काळी होडी आली. वायरमनच्या पहिलवानाने वल्ही मारली, फासा वाईट पडला, आणि दोघंही भिजत पलीकडे पोचले. कवळीवालीने दार सांगितलं, दिवा सांगितला, मग एकेक वस्तू. काठी. घंटा. पोपट सांगितला तेव्हा मावशीने चष्मा काढला.

"म्हणजे मी जे चोरत होते ते इथे येत होतं?"

"हो."

"आणि माझ्या घरातली पोतडी?"

"कधीची रिकामी आहे. तू उघडून पाहिली नाहीस."

"मला लुटलं ग!" मावशी इतकी हसली की फळीवरचा एक जबडा हलला. मग ओढणीचं टोक डोळ्याला लावत म्हणाली, "माझ्यासाठी मांडून ठेवलं होतंस, आणि एवढी वर्षं बोलली नाहीस."

कवळीवाली आताही बोलली नाही.

"राहते मी तिथे. पोपटाला कुणीतरी हवं. दाराला कडी नको म्हणावं, हा पहिलवान येईल अधूनमधून."

"येणार तर," वायरमन म्हणाला आणि फासा उगाचच टेबलावर घोळवत बसला.

मावशीला रिक्षात बसवून आल्यावर कवळीवालीने संगणक लावला. वरच्या कप्प्यात लिहिलं: चोरटी पलीकडे राहते. सवयीने खालची फाइल उघडली. मावशी तिथे आता काय करत असेल, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिने फाइलला नाव दिलं, आत काही लिहिलं नाही, आणि बंद करण्याआधी कळफलकावर एक फुंकर मारली.