सरंगा म्हणा, पापलेट म्हणा

हेमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या बाजारात वांगी निवडत होते. "मावशी, हेमाआत्या सकाळी गेली," तिचा भाचा एवढंच म्हणाला. पिशवी भाजीवालीकडेच राहिली आणि मी सातपाटीची रिक्षा धरली. त्याला आता दीड महिना झाला...

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिची आई मासे विकायची. गिऱ्हाईक कुणी सरंगा मागायचं, कुणी पापलेट. आई तोच मासा पुढे करायची. पुढे हेमा गणित शिकली, संगणकाकडे वळली. मराठी मजकुरातून माणसाला हवं ते संगणकाने कसं शोधून द्यावं, यावर आपल्याकडे अगदी सुरुवातीला ज्या मोजक्यांनी काम केलं त्यांत ती होती. तू नेमकं करतेस काय, असं मी एकदा विचारलं. "अगं, मशीनला सरंगा विचारलं तर पापलेटचा कागद सापडत नाय. माझ्या आयेला जमतं ते त्याला शिकवतेय." मराठीत शोधणार कोण, असं वरिष्ठ म्हणायचे. पहिला शोधनिबंध दोनदा परत आला, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून ती रडली, जेवली आणि पुन्हा कामाला गेली.

निवृत्तीनंतर ती गावी परतली आणि मच्छीमारांच्या सोसायटीच्या जुन्या वह्या तिने संगणकावर घेतल्या. एकदा गावातली काशीबाय आली. तिचा नवरा तरुणपणीच समुद्रात गेलेला, घरात त्याचा एक फोटोही नाही. त्याची सही तरी बघायची होती तिला. हिराजी नावाने शोधून कारकुनाने "नाय सापडत" म्हणून सांगितलं होतं. हेमाने तेच नाव आपल्या पद्धतीने शोधलं आणि वहीत 'हिरू' म्हणून नोंदलेला माणूस पडद्यावर आला, खाली वाकडीतिकडी सही. काशीबायने त्यावर बोट ठेवलं. "ह्योच. माज्यासमोर शिकला व्हता सही कराया..." हेमा बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी शेजारी बसले तर म्हणाली, "आज आये पायजे होती गं."

आमची शेवटची भेट ती जाण्याच्या आदल्या दिवशी झाली. घरी पोचले तर फोनवर तिचा निरोप होता: "पोचलीस काय?" दर भेटीनंतर तो यायचाच. त्या दिवशी दारात पाहुणे उभे होते, उत्तर द्यायचं राहून गेलं. परवा मी ते लिहिलं. "पोचले गं."