मेलेल्या कॅप्टनचा जुळा भाऊ

मी जपानला तीन महिने राहून आलो आणि येताना एक चित्रांचं पुस्तक, एक कंगवा आणि एक अफवा घेऊन आलो.

पुस्तक आणि कंगवा मंदासाठी होते. (मंदा म्हणजे माझी बायको. तिनं साडी सांगितली होती. जपानात साड्या मिळत नाहीत हे मला तिथं गेल्यावर कळलं आणि तिला आजतागायत पटलेलं नाही.) अफवा मात्र अस्सल देशी, मोशीत तयार झालेली! माझे सासरे मोशीचे. त्यांना मी मामा म्हणतो. कंपनीनं जावयाला ट्रेनिंगसाठी विमानानं पाठवलं म्हणून मामांनी पारावर सगळी आळी जमवली, माझ्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, "जावईबापू, मंग जपानी येतंय का न्हाई आता?"

गळ्यात हार असताना माणूस 'नाही' कसं म्हणेल? मी म्हणालो, "येतं की थोडंथोडं."

मोशीहून चिंचवडला येईपर्यंत त्यातलं 'थोडंथोडं' एसटीतून वाटेत कुठंतरी पडलं. आठवड्याभरात आमच्या कंपनीत बातमी पोचली की मेंटेनन्सचा शेलार फाडफाड जपानी बोलतो. मला जपानीत 'नमस्कार', 'धन्यवाद' आणि 'आणखी भात' एवढंच येत होतं. त्यातलं तिसरं मी सगळ्यात चांगलं बोलायचो.

त्या दिवसांत कंपनीत जपानी मशिनं येऊन पडली होती. ती बसवायला नाकाओ नावाचे इंजिनियर वर्षभरापूर्वीच बायकोसह आले होते आणि कंपनीच्या बंगल्यात राहत होते. नाकाओसाहेबांचं इंग्रजी माझ्या जपानीइतकंच. तरी आमचं दोघांचं झकास जमायचं. मशिनसमोर भाषा लागतेच कुठं? खडखड आवाज आला की त्यांनी कपाळाला हात लावायचा, मग मी लावायचा, मग दोघांनी मिळून नट आवळायचा! लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय बोलतात हो दोघं!

लांबून बघणाऱ्यांत आमचे वर्क्स मॅनेजरही होते. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शेलार, नवीन मशिन शॉपला कायमचा दुभाष्या पाहिजे. जनरल शिफ्ट. आणि कॉलनीत क्वार्टर."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. क्वार्टर! कासारवाडीत आम्ही एका खोलीत राहत होतो. अख्ख्या चाळीला नळ एकच, आणि त्याला पाणी कमी, भांडणं जास्त. कॉलनीच्या क्वार्टरमध्ये घरात नळ होता. मंदानं त्या नळासाठी देव पाण्यात ठेवले होते (तेही चाळीच्या नळावरून भांडून आणलेल्या पाण्यात). पडदे कुठल्या रंगाचे, हंडा कुठल्या कोपऱ्यात, सगळं तिचं ठरलं होतं. मी साहेबांना हो म्हणून मोकळा झालो.

"छान," साहेब म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी गेस्ट हाऊसमध्ये या. नाकाओ कॉलनीतल्या लोकांना व्हिडिओवर जपानी कार्टून दाखवणार आहेत. अंतराळातली गोष्ट आहे. तुम्ही शेजारी उभे राहून मराठीत सांगा. सगळ्यांना कळलं, की सोमवारी क्वार्टरचं नक्की करू."

झालं! 'आणखी भात'वर अख्खं अंतराळ कसं पार करणार? पण नाकाओसाहेबांनी कॅसेटचा डबा दाखवला आणि माझा जीव भांड्यात पडला. डब्यावर कुणीतरी कापून चिकटवलेलं चित्र: पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा कॅप्टन, मागे तांब्यासारखं यान! हा तर आमच्या घरातला म्हातारा! मी मंदासाठी आणलेल्या पुस्तकातला!

त्या पुस्तकाची आमच्या घरी पारायणं झाली होती. अक्षर एक कळत नव्हतं, पण चित्रं होती ना! त्यातल्या एका प्रकरणावर तर रोज रात्री जेवताना वाद. कॅप्टनचं यान एका काळ्या ग्रहाजवळ अडकतं. कॅप्टनबरोबर एक तरुण मुलगी आणि एक पत्र्याचा नोकर. मग एक मुखवटेवाला येतो, झटापट होते, कॅप्टन पडतो, आणि शेवटच्या चित्रात नुसती रिकामी खुर्ची, तिच्यावर टोपी. मंदाचं म्हणणं, मुखवटेवाल्यानं मुलीला मागणी घातली होती आणि कॅप्टननं नकार दिला. मला तो सरळसरळ युनियनचा पुढारी वाटायचा. पण कॅप्टन मेला, यावर आमचं एकमत होतं. त्या रिकाम्या खुर्चीपाशी मंदा हातातला घास ताटात ठेवायची.

म्हणजे गोष्ट पाठ! छापलेलीच गोष्ट टीव्हीवाले दाखवणार, त्यात वेगळं काय असणार? (हे वाक्य मी मंदालाही ऐकवलं, वर मिशीवरून हात फिरवून.)

शनिवारी गेस्ट हाऊसचा हॉल गच्च भरला. नाकाओसाहेबांनी जपानहून स्वतःचा टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता. टीव्ही रंगीत! आमच्याकडे तेव्हा काळ्यापांढऱ्यालाच शेजारी शेजाऱ्याशी गोड बोलायचे. पहिल्या रांगेत मॅनेजरसाहेब, त्यांच्या मिसेस आणि नाकाओबाई. नाकाओबाई म्हणजे एवढीशी गोड बाई. कुणी काहीही म्हणालं तरी कमरेतून वाकायच्या आणि हसायच्या. बायकांत मंदा नवी साडी नेसून बसली होती. आणि मधोमध मामा, फेटा बांधून! त्यांना मी बोलावलं नव्हतं. ते मोशीहून जावयाचं जपानी ऐकायला आले होते.

मी हातात फूटपट्टी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहिलो. कॅसेट सुरू झाली आणि धडाधड बँड वाजायला लागला. मागे कोरस. यान नुसतं उडतंय आणि लोक गातायत. पुस्तकात गाणं नव्हतं!

"शेलार, हे काय?" साहेबांनी विचारलं.

"राष्ट्रगीत, सर," मी म्हणालो. काय करू? चालच तशी होती!

साहेब ताडकन उभे राहिले. मामा फेटा सावरत उभे राहिले. अख्खा हॉल ताठ. नाकाओसाहेबांनी मागे वळून पाहिलं, बिचाऱ्यांना काही कळेना, तेही उभे राहिले. नाकाओबाईंनी तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, देशाच्या आठवणीनं गहिवरल्या.

मग गोष्ट सुरू झाली आणि पहिला दणका बसला. आमच्या काळ्यापांढऱ्या पुस्तकातल्या त्या शालीन मुलीचे केस टीव्हीवर हिरवेगार निघाले!

"ह्ये काय पोरीच्या डोक्याला?" मामा.

"अंतराळात ऊन नसतं ना मामा, त्यामुळे होतं तसं."

मामांना पटलं. ज्यांना जावयाचं कौतुक असतं त्यांना काहीही पटतं. पण पुढं यानच हलेना! पुस्तकात ते दोन चित्रांत काळ्या ग्रहाजवळ पोचतं. टीव्हीवर आपलं चाललंय, चाललंय, आणि शेजारून तोच एक दगड पुन्हा पुन्हा जातोय! टीव्हीवाल्यांना वेळ भरून काढायचा होता, आमच्याकडे ओव्हरटाइमला काढतात तसा.

"जावईबापू, ह्यो धोंडा मगाशीच गेला की!"

"ते दगडांचं गाव आहे मामा. सगळे सारखेच असतात."

आणि एकाएकी यान गायब! पडद्यावर एक गुबगुबीत अस्वल, वाडगा तोंडाला लावून शेवया ओरपतंय! मी गार. मी ते प्रकरण इतक्यांदा चाळलं होतं, अस्वल कुठून आलं? (ती शेवयांची जाहिरात होती. नाकाओंच्या नातेवाइकांनी टीव्हीवरून जाहिरातींसकट कॅसेट भरून पाठवली होती. आता कळून काय उपयोग!)

"शेलार?"

"सर, हा… काळ्या ग्रहाचा राजा आहे. इथं अस्वलांचं राज्य आहे. राजा लढाईआधी जेवतोय."

"काय खातोय?"

"शेवया, सर. शुभ असतात."

अस्वल गेलं, यान आलं, मी घाम पुसला, तेवढ्यात यान पुन्हा गायब आणि तेच अस्वल परत!

"आजून जेवतंय?" मामा म्हणाले. "ह्यो राजा लढनार कवा?"

हॉलमध्ये खसखस पिकली. नाकाओबाईंचे खांदे हलायला लागले. मॅनेजरसाहेब मात्र गंभीर होते. ते कधी हसत नसत, त्यामुळे त्यांचं समाधान झालंय की घात झालाय, हे चेहऱ्यावरून काही कळेना. मी क्वार्टरचा नळ डोळ्यांपुढं आणला आणि आवाज चढवला.

शेवटी एकदाचा मुखवटेवाला आला. आता मात्र पुस्तकातलंच प्रकरण! मी फूटपट्टी उगारून गरजलो, "आला, आला तो नराधम! आता हा कॅप्टनचा गळा धरणार! बघा, धरला! अरे, सोड त्याला, हलकटा!"

टीव्हीवर मुखवटेवाल्यानं मुखवटा काढला. पुस्तकात त्यानं तो शेवटपर्यंत काढला नव्हता. आत गोरागोमटा पोरगा! आणि कॅप्टननं त्याला पोटाशी धरलं.

"गळा दाबतोय," मी रेटून सांगितलं.

"अहो, गळ्यात पडलाय तो!" बायकांतून आवाज आला. आवाज माझ्या घरचा होता.

"आधी गळ्यात पडायचं आणि मग दाबायचा, ही जपानी पद्धत आहे!"

नशीब माझं, तेवढ्यात यानाला हादरा बसला आणि कॅप्टन खाली कोसळला. मला हायसं वाटलं. माणूस मेला की हायसं वाटायची ती माझी पहिलीच वेळ! मी लगेच गळा भरून आणला. "गेला… कॅप्टन गेला. पोरीच्या डोक्यावरचं छत्र हरपलं. आता उरली ती फक्त रिकामी खुर्ची, आणि तिच्यावरची टोपी…" असं काही रंगवलं की मॅनेजरसाहेबांच्या मिसेसनी डोळ्यांना पदर लावला. मागे कुणीतरी हुंदका दिला. साहेबांनीसुद्धा चष्मा काढून पुसला! क्वार्टर माझं झालं होतं हो! किल्ली हातात यायची बाकी होती!

आणि कॅप्टन उठला.

उठला, दाढी झटकली आणि पत्र्याच्या नोकरानं आणलेला चहा प्यायला बसला! त्याच खुर्चीत! टोपी घालून! पुस्तकवाल्यानं मारलेला माणूस टीव्हीवाल्यांनी जिवंत केला होता. लहान पोरं रडतात म्हणून केला असेल, पण इथं माझं काय होईल याचा विचार करायला नको?

"शेलार," साहेबांनी चष्मा डोळ्यावर चढवला, "हे कोण?"

"सर… हा कॅप्टनचा जुळा भाऊ."

"आणि मेला तो ह्याचा भाऊ?"

"हो सर."

"सख्खा भाऊ मेला, आणि हा हसत चहा पितोय?"

"इस्टेटीचा वाद होता, सर."

त्याबरोबर नाकाओबाईंचा बांध फुटला. त्या खुर्चीवरून घसरून खाली बसायच्या बेताला आल्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात शेवटचं गाणं लागलं आणि हॉल पुन्हा राष्ट्रगीताला उभा राहिला! ते बघून बाईंनी पोटच धरलं. गाणं संपल्यावर साहेब त्यांच्याकडे वळले आणि अदबीनं इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आमच्या माणसाचं भाषांतर कसं वाटलं?"

नाकाओबाई उठल्या. कमरेतून वाकल्या. आणि खणखणीत आवाजात, मराठीत बोलल्या.

"सायेब, ह्यो मानूस येक अक्षर बी खरं न्हाई बोलला. पन आमच्या टीव्हीपरीस ह्येची गोष्ट लई झ्याक हाय!"

मी फूटपट्टीसकट थिजलो. बाईंच्या बंगल्यावर कामाला मोशीची एक बाई होती. वर्षभर दोघी ओट्यापाशी भाजी निवडत गप्पा मारायच्या. तिचं मराठी बाईंनी जसंच्या तसं उचललं होतं, आणि आमच्यापैकी एकालाही वर्षभरात त्यांच्याशी नमस्काराच्या पुढं बोलायचं सुचलं नव्हतं!

सगळ्यात आधी भानावर आले ते मामा. जावयाची अब्रू गेली याचं त्यांना काही नाही. ते कौतुकानं पुढं झाले आणि म्हणाले, "बाई, तुमी कुन्या आळीच्या?"

सोमवारी साहेबांनी दुभाष्याचं काम नाकाओबाईंना दिलं. त्यांना क्वार्टर नको होतं, त्यांना बंगला होता. क्वार्टर स्टोअरच्या हेडक्लार्कला मिळालं. पण हे सोमवारचं. शनिवारीच आम्हाला काय ते कळून चुकलं होतं. चिंचवडहून कासारवाडीपर्यंत लोकलमध्ये मंदा चकार शब्द बोलली नाही. नुसती खिडकीबाहेर बघत होती. नवी साडी, पडदे, हंडा, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मला खरंच फार वाईट वाटलं. हिनं रडावं, भांडावं, काहीही करावं, पण बोलावं, असं झालं.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर ती थांबली.

"अहो, मग तो मुखवटेवाला खरा कोण होता?"

"मला काय ठाऊक!" मी वैतागून ओरडलो. "मला जपानी कुठं येतं!"

"ते तुम्ही आलात त्याच दिवशी कळलं होतं मला."

"आँ? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"नळाची आशा होती हो!" मंदा म्हणाली. "मला वाटलं, जपानी येत नाही तर नाही, माझ्या नवऱ्याला निदान खोटं तरी धड बोलता येत असेल!"