मायचं चीवर, मायची चप्पल

माय गेली आणि माझ्या तोंडून त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याचे शब्द, निघेनासं झालं. विहारात गेले तर सगळ्यांबरोबर गुडघे टेकायचे, हात जोडायचे, ओठही हलवायचे, पण आवाज फुटायचा नाही. तिच्या आजारपणात मी रोज तिच्या उशाशी बसून, आजाऱ्याच्या रक्षणासाठी म्हणतात तो परित्राणपाठ म्हटला होता. डॉक्टरांनी हात टेकले आणि पाठाचाही काही उपयोग झाला नाही. आम्ही चमत्कार मानणारी माणसं नाही, मायनं आम्हाला तसं वाढवलंच नाही. तरी मनात कुठंतरी आस असतेच. माय गेली तशी ती आसही गेली. संभाजीनगरातल्या आमच्या कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, होईल सगळं हळूहळू. मी मुळातली तिरसट. काय होईल ते तरी सांगा, असं विचारून मी त्यांची तोंडं बंद करायचे.

मायनं जाण्याआधी एक चीवर घेऊन कपाटात ठेवलं होतं. चीवर म्हणजे भिक्खूंचं वस्त्र. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपला की आमच्याकडं चीवरदान होतं, तसं तेही देऊन टाकता आलं असतं. पण मायचं म्हणणं वेगळं होतं. "जिथं समदा मुलुखच बुद्धाचा हाय, तिथं नेऊन दे बाई. तिथं आपल्याला कुणी लांब हो म्हणणार नाय." ती असं का म्हणाली ते मला ठाऊक होतं. पिशोरच्या पुढं एका खेड्यात तिचं माहेर. ती लहान होती तेव्हा गावातल्या मोठ्या गल्लीतून जाताना आमच्या माणसांना पायातली चप्पल काढून हातात धरावी लागायची. तापलेल्या फुफाट्यातून, हातात चप्पल धरून ती बापामागं चालायची. शहरात आल्यावर तिनं जन्मभर एकच चैन केली, ती चपलेची. लुगडं जुनं चालंल, चप्पल नाय, असं म्हणत ती गुलमंडीवर दुकानामागून दुकान पालथं घालायची आणि दुकानदाराला जेरीस आणायची.

मी वाळूजला एका कंपनीत नोकरी करते. रजा टाकली आणि बुद्धाचा मुलुख म्हणून बँकॉकला एकटीच जायचं ठरवलं. दादा वैतागला. "मायचं नाव पुढं करून हिंडायला निघालीस व्हय?" म्हणाला. मी म्हटलं, तू चल मग. कंपनीतल्या मैत्रिणीची डोंगर चढायला नेतात तसली मोठी सॅक उसनी आणली. तिच्यात चीवर, एक पांढरी साडी, दशम्या आणि ठेचा भरला. पायात मायची शेवटची चप्पल घातली. आमचं माप एकच होतं. खरं सांगते, श्रद्धेनं निघाले नव्हते. तिचं एवढं एक राहिलेलं काम उरकावं आणि मग या सगळ्याला कायमचा रामराम ठोकावा, असं मनात होतं. चीवर दिलं की विहाराची पायरीही चढायची नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते शहर मला गिळायला उठलं. पाट्यांवरचं एक अक्षर ओळखीचं नाही. स्वस्तातल्या मुक्कामाच्या जागी एकावर एक खाटा आणि त्यांवर जगभरातली तरणी पोरं, कानात काहीतरी घालून पडलेली. कुणी कुणाला विचारत नाही. पाठीवर सॅक घेऊन मी दिवसभर चालायचे, वाट चुकायचे, पुन्हा चालायचे. हवा ओल्या गोधडीसारखी अंगाला चिकटायची. कोपऱ्याकोपऱ्यावर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं. पण माझ्या आत सगळं कोरडं ठाक. दशमी चावत खाटेवर बसले की वाटायचं, माय, कुठं आणून टाकलंस मला.

शेवटी एका सकाळी पांढरी साडी नेसले, पौर्णिमेला विहारात जाताना नेसतो तशी, आणि चीवर घेऊन जवळच्या एका विहारात गेले. बाहेर चप्पल काढली. आत एक म्हातारे भंते, म्हणजे भिक्खू, उंच आसनावर बसले होते, त्यांच्यापुढं रांग होती. माझी पाळी आली. आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही सगळे भंतेजींच्या पायांना हात लावूनच वंदन करतो. मायनं तसंच शिकवलं होतं आणि त्यात काही वावगं असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी वाकले आणि हात पुढं केला. भंतेंनी झटकन पाय मागं घेतले. बाजूचा एक माणूस मोठ्यानं काहीतरी बोलला आणि आडवा हात धरून त्यानं मला थांबवलं. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

मला पुढचं काही दिसेना. लांब हो. एवढा मुलुख तुडवून आले, आणि इथंही लांब हो. ह्यांना कसं कळलं, असा वेडा प्रश्नसुद्धा डोक्यात आला. आपली पोरं शाळा शिकली, नोकऱ्या केल्या, तरी ते शब्द अंगात कुठंतरी दबा धरून बसलेले असतात. चीवर छातीशी धरून मी बाहेर पडले आणि वाट फुटेल तिकडं चालत सुटले. गल्ल्या, बाजार, पुन्हा गल्ल्या. एका कालव्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले तेव्हा तळपाय जळत असल्याचं कळलं. चप्पल विहाराबाहेरच राहिली होती. मायची चप्पल. विहार कुठं, मी कुठं, काही पत्ता नाही. मग मात्र मला रडू आवरेना. कालव्याचं पाणी काळपट हिरवं होतं. चीवर त्यात टाकून द्यावं आणि मोकळं व्हावं, असं ठरवून मी घडी उलगडली.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. मायच्याच वयाची एक बाई, पांढऱ्या कपड्यातली, घामानं निथळत होती, धाप लागली होती. तिनं मायची चप्पल दोन्ही हातांत धरली होती. विहारातून निघाल्यापासून ती त्या गर्दीतून माझ्या मागं मागं आली असणार. ती खाली वाकली आणि चप्पल माझ्या पायांपाशी ठेवली. आमची चप्पल आम्हीच हातात धरायची, एवढंच मायला माहीत होतं. कुणा परक्या बाईनं ती हातात धरून एवढं अंतर यावं, हे तिला सांगितलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

बाई माझ्याशेजारी पायरीवर बसली. भाषा नव्हती, पण तिला काहीतरी सांगायचं होतं. तिनं पायांना हात लावायची खूण केली, मग स्वतःकडं बोट केलं, माझ्याकडं केलं, रस्त्यानं चाललेल्या एका पोरीकडं केलं आणि मान हलवून नाही म्हणाली. एका पुरुषाकडं बोट करून हो म्हणाली. मग रुमाल पसरला, माझ्या हातातलं चीवर त्यावर ठेवायला लावलं आणि रुमालाचं दुसरं टोक आपल्याकडं ओढून घेतलं. मला उमगलं. तिथले भंते कुठल्याच बाईचा स्पर्श घेत नाहीत. या बाईचाही नाही. तो नियम होता, माझ्या जातीचा त्यात काही संबंध नव्हता. बाईलाच का लांब ठेवायचं, हा माझा प्रश्न आजही आहे आणि तो मी सोडलेला नाही. पण त्या क्षणी छातीवरचा धोंडा उतरला. बाईनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि माझं रडणं थांबेस्तोवर सोडला नाही.

आम्ही दोघी परत गेलो. म्हाताऱ्या भंतेंनी मला ओळखलं. त्यांनी समोर एक वस्त्र अंथरलं आणि दुसरं टोक हातात धरलं. त्यावर मी मायचं चीवर ठेवलं. मग त्यांनी पाठ सुरू केला. चाल आमच्यापेक्षा निराळी, उच्चार निराळे, तरी पाठ तोच, मी लेकरू असताना मायच्या मांडीवर ऐकलेला. बाई माझ्या खांद्याला खांदा लावून म्हणत होती. माझे ओठ हलले, आणि किती दिवसांनी तरी, फाटका का होईना, आवाज आला.

तिचं नाव मला माहीत नाही. ती त्याच वेळी त्या रांगेत का होती, माझ्या मागं का आली, याचा हिशेब मी लावत नाही. लावला तर माय हसेल. मायचं दुःख गेलेलं नाही. पावसाची झड लागली की अजून घर खायला उठतं आणि विहारात जायचा कंटाळाही येतो. पण जाते. शरण जायचं म्हणजे सगळं पटलं म्हणून जायचं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपण तोंड फिरवून चालू लागलो तरी कुणीतरी मागून येत असतं, एवढ्या भरवशावर थांबायचं, बस. दारात मायची चप्पल काढते, आत जाऊन गुडघे टेकते. डोळे मिटले की मूर्तीच्या आधी ती बाई दिसते, घामानं भिजलेली, माझ्या मायची चप्पल दोन्ही हातांत धरून उन्हातून चालत येणारी. तिलाच आधी वंदन करते आणि मग त्रिसरण म्हणते.