दोन लिटर एरंडेल आणि कँटीनचा खांब

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण ही फजिती सांगताना माझा चेहरा अजून पडतो. तीस वर्षं होऊन गेली, तरी!

आठवण निघाली ती भाचीमुळे. ती हल्ली पोल डान्स शिकवते. चकचकीत स्टीलचा खांब, गाणी, भिंतभर आरसे, आणि शिकायला डॉक्टरणी, बँकेतल्या बायका, दोन-दोन पोरांच्या आया. परवा मला म्हणाली, "मामा, तू काही बोलू नकोस. तुला खांबातलं काय कळतंय?" माझी बायको मंदा चहा पिता पिता अशी हसली की तिला ठसकाच लागला.

तर ऐका. तेव्हा मी अंबरनाथला एका केमिकल फॅक्टरीत सुपरवायझर होतो आणि घर बदलापूरला, कात्रपला. माझं पोट माझ्या आधी खात्यात शिरायचं. त्या वर्षी सेफ्टी ऑफिसरची जागा निघाली. उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा कुलकर्णी. हा कुलकर्णी आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा. काडीसारखा बारीक, शिडी चढताना धापसुद्धा लागत नसे मेल्याला! आमचे मिरचंदानी साहेब म्हणाले, "सावंत, सीनियर तुम हो. लेकिन सेफ्टीवाल्याला टाकीवर चढता आलं पाहिजे. दोन महिन्यांनी बघू."

मी अकरा वर्षं एकाच खुर्चीवर घासत होतो. ती जागा मला हवी होती. फार म्हणजे फार हवी होती.

आता चढायला शिकवणार कोण? शिवमंदिराजवळ एक व्यायामशाळा होती. तिथे शैलजाताई मल्लखांब शिकवायच्या. तेवीस वर्षांच्या असतील. बाहेर पाटी होती, 'सर्व वयोगटांसाठी'. पण गोम अशी, की मागच्याच गणपतीत बिल्डिंगच्या मीटिंगला कुणीतरी त्यांच्या वर्गातल्या मुलींचा कार्यक्रम ठेवू या म्हणालं, तेव्हा मीच उठून म्हणालो होतो, "खांबावर चढून कुणाचं घर चालतं का हो?" सगळे हसले होते. आता त्याच खांबाला मिठी मारायला कोणत्या तोंडानं जाणार?

गुपचूप गेलो. घरी सांगितलं, ओव्हरटाइम आहे.

माझ्या वर्गात कोण, तर दुसरी-तिसरीतली पोरं आणि मी. मी हाफ पँटमध्ये! ताई एकदम शिस्तीच्या. म्हणायच्या, "काका, झटू नका. ही झोंबी नाही. ताल धरा, नाचाला धरतात तसा." आणि स्वतः खांबावर गेल्या की बाई आहे का वेल आहे, तेच कळायचं नाही. मी मात्र दीड फूट वर जायचो आणि सावकाश खाली यायचो.

मल्लखांबाच्या खांबाला एरंडेल चोळतात, तुम्हाला ठाऊक असेल. लाकूड गुळगुळीत राहतं, अंग सोलवटत नाही. ते तेल शिकणाऱ्यांनी पाळीपाळीनं आणायचं असा तिथला रिवाज. माझी पाळी आली. म्हटलं, उल्हासनगरला घाऊक घेऊ.

दुकानदार सिंधी, वयस्कर, प्रेमळ माणूस.

"दो लिटर एरंडेल देना."

"दो लिटर?" त्यानं चष्मा वर केला. "साईं, घर में कितने आदमी?"

"मेरे अकेले के लिए चाहिए."

बराच वेळ तो माझ्या पोटाकडे बघत राहिला. मग कॅन दिला, वर इसबगोलचं पाकीट फुकट दिलं आणि हळूच म्हणाला, "भगवान पर भरोसा रखो."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण अक्कल कुठे होती?

कॅन मी घरी लपवला. कुठे लपवला विचारा! संडासाच्या माळ्यावर. मंदाचा हात तिथे पोचत नाही, एवढाच विचार केला. रोज सकाळी त्यातून एक बाटली भरायची, ऑफिसच्या पिशवीत टाकायची. पण मंदा दिवाळीची साफसफाई करायला स्टूल घेऊन चढली. तिनं कॅन पाहिला, झाकण उघडलं, वास घेतला, आणि मला एका शब्दानं न विचारता पेन्सिलीनं तेलाच्या पातळीवर खूण केली. दुसऱ्या दिवशी पातळी खाली. तिसऱ्या दिवशी आणखी खाली.

चौथ्या दिवशी मला समोर बसवलं. डोळ्यांत पाणी.

"अहो, मला सगळं कळलंय. कधीपासून चाललंय हे?"

मला वाटलं, मल्लखांबाचं बिंग फुटलं! मान खाली घातली. "दीड महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"लाज वाटली गं. या वयात..."

"त्यात लाज कसली? फार त्रास होतो का?"

"सुरुवातीला झाला. मांड्या भरून यायच्या. आता हळूहळू जमतंय."

"रोज?"

"रविवारी सुट्टी."

मंदानं पदर तोंडाला लावला. "कुणाला दाखवलंत तरी का?"

"शिवमंदिरापाशी एक बाई आहेत ना. त्या म्हणतात, जोर कमी पडतो, पण सोडायचं नाही."

ती डोळे पुसून सरळ स्वयंपाकघरात गेली. मी खूश! म्हटलं, काय समजूतदार बायको मिळाली आहे. त्या रात्रीपासून ताटात मऊ खिचडी, पपई, गुलकंद. मला वाटलं, खेळाडूचा खुराक!

मंदानं हे दुःख एकाच माणसापाशी उघड केलं. कुलकर्णी वहिनींपाशी. वहिनींनी कुलकर्ण्याला सांगितलं. आणि कुलकर्णी, मनानं चांगला हो तो, त्यानं फॅक्टरीत सगळ्यांना सांगून ठेवलं, सावंतांना कुणी त्रास देऊ नका. कँटीनवाला मला न विचारता गरम पाणी आणून द्यायला लागला. खात्यातली माणसं मी उठलो की वाट मोकळी करून द्यायची. मी म्हटलं, अजून ऑफिसर झालो नाही तर एवढा मान!

शेवटी निकालाचा दिवस आला. दुपारी भर कँटीनमध्ये साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. पाठीवर हात ठेवला.

"सावंत, तब्येत पहले. पोस्ट कुलकर्णीला देतो."

"साहेब! का?"

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "आता तू टाकीवर असला, आणि ऊपर तेरेको अचानक अर्जंट हुआ, तो?"

"काय अर्जंट?"

"रोज इतना तेल पीता है, मालूम है सबको."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकानदार, खिचडी, गरम पाणी, सगळं! मी उभा राहिलो आणि साठ माणसांसमोर ओरडलो, "साहेब, माझं पोट एकदम साफ आहे!"

कँटीनवाल्यानं घाईघाईनं गरम पाणी आणलं.

"ते तेल मी पीत नाही! खांबाला लावतो!"

"कसला खांब?" साहेबांनी विचारलं. कुलकर्णी उठून जवळ आला. "सावंत, लाजायचं काय त्यात? माझ्या आजोबांनाही होतं."

माझं डोकंच फिरलं. कँटीनच्या छपराला मधोमध लोखंडी पाइपचे खांब होते. बूट काढले, मोजे काढले आणि घातली मिठी! सांगतो तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा सरसर वर गेलो. राग काय काय करून घेतो माणसाकडून! बारा फूट वर, थेट छपराच्या पट्टीला हात. खाली टाळ्या. मी वरून ओरडलो, "आता बोला!"

आणि मग खाली पाहिलं.

व्यायामशाळेत ताईंचा हात नेहमी माझ्या पाठीला असायचा. इथे खाली होती फरशी आणि वरणाचं पातेलं. माझे हातपाय जिथल्या तिथे गोठले. शिडी आणली. पण शिडीवर पाय ठेवायचा तर खांब सोडायला हवा, आणि मी काही केल्या सोडेना. पाऊण तास! शेवटी मीच ओरडलो, "शिवमंदिरापाशी शैलजाताई आहेत, त्यांना बोलवा!"

कुलकर्णी हळूच साहेबांना म्हणाला, "त्याच त्या. पोटावर औषध देतात."

ताई सायकलवरून आल्या. औषधाची वाट बघणाऱ्या माणसांकडे त्यांनी पाहिलंही नाही. ओढणी कमरेला बांधली आणि तीन झेपांत माझ्यापर्यंत पोचल्या. "काका, डोळे मिटा. उजवा पाय माझ्या खांद्यावर. आता श्वास सोडा." पोराला उतरवावं तसं मला उतरवलं. मग, कदाचित एवढी माणसं जमली म्हणून असेल, पुन्हा वर गेल्या. फक्त पायांची अढी घालून उलट्या झाल्या, दोन्ही हात पसरले आणि गोल फिरत, अगदी सावकाश, खाली आल्या. साठ माणसं जेवण विसरली होती.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"मल्लखांब."

"और इससे घर चलता है?"

"चालतं ना," ताई म्हणाल्या. "आई आहे, दोन भाऊ शिकतायत. मीच चालवते."

मला त्या क्षणी जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. मीटिंगमध्ये मी जे बोललो होतो त्याची खरी लाज तिथे वाटली. साहेबांनी तिथल्या तिथे त्यांना आमच्या कामगारांच्या मुलांचा वर्ग घ्यायला सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं तो चालला.

आणि माझं? साहेब म्हणाले, "सावंत, पेट तो एकदम फर्स्ट क्लास है." आणि पोस्ट कुलकर्ण्याला दिली.

नव्या सेफ्टी ऑफिसरचं पहिलं काम म्हणजे त्या दिवशीच्या प्रकाराचा रिपोर्ट. तो नियमाप्रमाणे महिनाभर फॅक्टरीच्या गेटवर लागला होता, येणाऱ्या-जाणाऱ्या तिन्ही शिफ्टना वाचता येईल असा. कुलकर्ण्याचं अक्षर मोत्यासारखं. 'घटनेचे कारण' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं : 'पोट साफ होते हे सिद्ध करण्यासाठी कर्मचारी खांबावर चढला.'

आणि खाली, 'वरील मजकूर खरा आहे' याच्यापुढे, सही माझी!