बेअरिंगवरचं कुंकू

अंबाजी मिस्त्रीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेलाच असायचा; माशी बसायलाही तिथं जागा नव्हती. धरणाचं पाणी भरलं तेव्हा तो जाणता पोरगा होता. बापाची भाताची खाचरं बुडताना त्यानं काठावर उभं राहून पाहिलेली. पुढं लोणावळ्याच्या रेल्वे शेडात फिटरकाम शिकला आणि नशीब बघा, पोट भरलं ते त्याच पाण्यानं. धरणाच्या कंपनीच्या बोटीचं, पाठीला अडकवायचं इंजिन सांभाळायची नोकरी लागली. रोज सकाळी पाण्याला एक शिवी हासडायची आणि मगच बोट सोडायची.

लेक रतन दिलेली पलीकडच्या काठावर. पूर्वी मधून पायवाट होती. आता डोंगराला वळसा घालायचा तर धडधाकट गड्याचा दिवस मोडायचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून गेल्या साली दिवस भरत आल्यावर अंबाजी तिला बोटीनं आणायला गेला. इंजिन नुकतंच खोलून जोडलेलं. फिरणारा दांडा म्हणजे क्रँक आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यामध्ये केसाएवढी फट लागते, तीत तेल राहतं. ती त्यानं मापली नव्हती. हातानं फिरवून बघितलं, म्हणाला बसतंय. परतताना भर पाण्यात इंजिन तापून जाम झालं. वारा उलटा. वल्ही मारत काठ गाठेस्तोवर रतन बोटीतच बाळंत झाली. पोर रडलंच नाही.

घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मापलं नव्हतं हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं अंबाजी समजून होता. पण त्या दिवसापासून तो जो पिसाळला तो पिसाळलाच. भाकरी करपली तरी ओरडायचा, नाही करपली तरी ओरडायचा.

यंदा रतन पुन्हा भरल्या दिवसांची. दसऱ्याला तिला आणायचं ठरलं. इंजिन त्यानं घरी पडवीत खोललं, नवी बेअरिंगं घेतली, एकेक भाग रॉकेलनं धुऊन धोतराच्या फडक्यावर मांडला. मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. बायको धोंडाबाईनं पाने, हातोडी, कानस सगळ्याची पूजा केली.

दसऱ्याच्या सकाळी अंबाजी मापायला बसला. क्रँकवर शिशाची बारीक तार ठेवायची, वरून बेअरिंगची टोपी आवळायची आणि पुन्हा खोलायची. चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरनं बघितली की फट कळते. तार जाड निघाली. म्हणजे फट जास्त, बेअरिंग ढिलं.

"नवं आणि ढिलं? मुडदा बशिवला त्या दुकानदाराचा," असं म्हणत टोपी आणखी खाली बसावी म्हणून तिच्या कडा घासायला त्यानं कानस उचलली. ती टेकवली मात्र, कानशीच्या दातांत लाल भुगा आला. त्यानं तो बोटावर चोळला. कुंकू. तेलात भिजून टोपीच्या कडांवर आणि त्या जिथं टेकतात तिथंही त्याचा पापुद्रा बसला होता, म्हणून टोपी खाली बसतच नव्हती. कडा घासल्या असत्या तर चालू इंजिनात खालचं कुंकू धुऊन गेलं असतं, बेअरिंग आवळलं असतं, आणि पुन्हा भर पाण्यात तेच.

"कुणी लावलं हे?"

"मीच," धोंडाबाई दारात येऊन म्हणाली. "लावलं आन् तुमी बघायच्या आत पुसलंबी."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"वराडला असता."

अंबाजीच्या अंगाची लाही लाही झाली. फेकायला हातात कानस होती, ती त्यानं फेकली नाही एवढंच. "तुज्या त्या कुंकवापायी पोरगी गेली असती माजी. बाळ गेलं असतं."

धोंडाबाई हलली नाही. तिचाही आवाज चढला होता.

"गेल्या साली मी कुंकू न्हवतं लावलं," ती म्हणाली.

अंबाजीनं कानस खाली ठेवली. मग तो खाली बसला. टोप्या आणि त्यांच्या खालची बैठक रॉकेलनं धुतली, तार ठेवली, आवळली, खोलली, मापली. फट बरोबर आली. तरी पुन्हा तार ठेवली.

दुपारी इंजिन बोटीला चढवून झाल्यावर तो बायकोवर खेकसला, "आता लाव काय लावायचं ते. टाकीवर. आत न्हाई."

तिनं लावलं आणि ती बोटीत बसली.

पलीकडं रतन गाठोडं घेऊन उभी होती. आईनं तिला हाताला धरून मधल्या फळीवर बसवलं. बोट निघाली. गेल्या सालची जागा आली तशी रतननं आईचा हात घट्ट धरला आणि बापाकडं बघितलं.

"आबा, अवंदा मापलंय न्हवं?"

अंबाजीनं तिच्याकडं बघितलं नाही. तापतंय का म्हणून इंजिनावर ठेवलेला हात त्यानं तसाच ठेवला.

"दोनदा," तो म्हणाला.