एका झटक्यात सुटणारी गाठ

आमच्या मामांनी बांधलेली वस्तू बांधलेलीच राहिली, असं वाटूरच्या आसपास आजवर कुणी पाहिलेलं नाही. मामा शाळेत ना शिक्षक, ना शिपाई, साधे शेतकरी. पण पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेचा झेंडा बांधायचा मान कित्येक वर्षं त्यांचाच. घडीत झेंडूच्या पाकळ्या भरून ते अशी गाठ मारत, की पाहुण्यांनी दोरी ओढताच झेंडा फुलांसकट मोकळा. "गाठ बसली बी पाह्यजे अन् एका झटक्यात सुटली बी पाह्यजे," असं ते मोठ्या गंभीरपणे सांगत. आधीचे आठ-दहा दिवस अंगणातल्या बांबूवर मामींच्या टॉवेलाचं ध्वजारोहण चाले आणि आल्यागेल्याला, अगदी दूधवाल्यालाही, दोरी ओढावी लागे.

पंचाईत एवढीच, की मामांच्या हाताला दुसरी गाठ येतच नव्हती. बैलही त्याच गाठीनं बांधलेला, त्यामुळे तो कायम शेजाऱ्याच्या कपाशीत. माझ्या बहिणीच्या लग्नात टेम्पोवरचं सामान त्यांनी हौसेनं बांधलं, तर वडीगोद्रीला पोचायच्या आत पहिल्याच खड्ड्यात रुखवत रस्त्यावर मांडलं गेलं. मामी चाळीस वर्षं त्यांच्या मागे फिरून प्रत्येक गाठ सोडत, नव्यानं बांधत आणि तोंडानं त्यांचा उद्धार करत. मला त्या दोघांचा फार लळा.

यंदा उन्हाळ्यात मामांना लकवा मारून गेला. पाय सावरले, पण उजव्या हाताची बोटं ऐकेनात. पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापकांनी नेहमीसारखा झेंडा त्यांच्यापुढे आणला. मामांनी तीनदा गाठ घातली, तीनदा ती चुकली. मान गेल्याचं त्यांना काही नव्हतं. भर सभेत झेंडा उघडलाच नाही तर, या धास्तीनं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात बायकांतून मामी उठल्या, पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी गाठ मारली. चाळीस वर्षं जी गाठ सोडली, ती त्यांच्याइतकी कुणाला माहीत असणार? सरपंचबाईंनी दोरी ओढली. झेंडा उघडला, पाकळ्या खाली आल्या.

राष्ट्रगीत संपलं तरी मामा वरच बघत उभे. मी त्यांना खुर्चीवर बसवायला गेलो, तर त्यांचे डोळे भरलेले.

"भाच्या, आज पयल्यांदा उघडताना पाह्यला," ते हळूच म्हणाले. "दरसाल भेवानं डोळे मिटूनच उभा राह्यचो. आज तुझ्या मामीची गाठ होती."