खळ्यातली फक्की

शेकोटीला नंबर देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दिवाळी सरून माहुली गडाकडचा वारा अंगाला झोंबायला लागला की आमच्याकडे सोसायटीच्या गेटाबाहेर शेकोटी पेटते. सोसायटीतले लोक येतात, शेजारच्या जुन्या घरांतले आम्हीही जातो. मिळेल तिथे बूड टेकायचं, निखाऱ्यात वालाच्या शेंगा टाकायच्या आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, इतकी साधी गोष्ट. तर या माणसाने शेकोटीभोवती पांढऱ्या फक्कीची दोन कडी काढली. आतल्या कड्यात साठीच्या पुढचे, बाहेरच्या कड्यात बाकीचे, आणि प्रत्येकाच्या बुडाखाली आकडा. मी चुकून भलत्याच आकड्यावर बसले, तर गळ्यातली शिट्टी वाजवून मला उठवलं. लाकडं माझ्या घरची, शेंगा माझ्या शेतातल्या, आणि उठायचं मी! कप्पाळ माझं.

फक्की म्हणजे मैदानात खेळाच्या रेघा मारायला वापरतात ती चुन्याची पूड. या माणसाकडे तिचा एक डबा होता, बुडाला भोकं पाडलेला. तो हलवत हलवत चालला की मागे पांढरी रेघ उमटत जायची. त्याचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे फक्कीसाहेब म्हणायचे. माझ्या सासूबाई नुसत्या ‘त्यो फक्की’ म्हणायच्या. तोंडावर मीही साहेब म्हणत आले, मनात मात्र एकेरीच, आणि इथेही एकेरीच लिहिणार आहे.

ठाण्याला कुठल्याशा सरकारी कचेरीत नोकरी संपवून शुद्ध हवा खायला म्हणून तो शहापूरला आला. एकटाच. आमच्या भाऊबंदांनी किन्हवली रस्त्याकडेच्या भातखाचरांचे प्लॉट पाडून विकले, त्यावर ही सोसायटी उभी राहिली, आणि तिच्यात पहिल्या मजल्यावर हा. हवा खायची तर गुपचूप खावी की नाही? पण याला लोक असे सैल, हवे तसे उभे राहिलेले बघवायचेच नाहीत. “रेघ असली की भांडण नाही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. पार्किंगला रेघ, दूधवाल्याच्या रांगेला रेघ, कुत्र्यांना भाकरी घालायच्या जागेलाही रेघ. कुत्र्यांनी ती मानली नाही, हे त्यांचं शहाणपण. आणि भांडण म्हणाल तर याच्या रेघा आल्यापासूनच सुरू झालं. आधी कुणाची गाडी कुठे उभी आहे, याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम, सांगा बरं. पण हा माकडटोपी घालून जिन्यापाशी हजर. आत जाणाऱ्या बायकांची एक रेघ, बाहेर येणाऱ्यांची दुसरी. आम्ही बायका तिळगूळ देता घेता दारात अर्धा तास बोलणार, साड्यांचे पदर हातात घेऊन बघणार, तेव्हा कुठे हळदीकुंकू झाल्यासारखं वाटतं. याने दर दोन मिनिटांनी शिट्टी मारून आम्हाला पुढे ढकललं. शेवटी तळमजल्यावरच्या वहिनींनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, “साहेब, गोड बोला आणि घरी जा.” तर हा खरंच खूश होऊन गेला! टोमणा मारला तरी त्याच्या टोपीच्या आत शिरायचा नाही.

सव्वीस जानेवारीला म्हाताऱ्यांची लिंबू-चमचा शर्यत, एरवी रस्सीखेच, रांगोळी, काय वाटेल ते. हिवाळाभर याचं डोकं शांत नसायचं. स्वतः कधी एका खेळात उतरला नाही. घाम गाळायचा तो इतरांनी, रेघ मारायची याने. आणि सरतेशेवटी सगळ्यांना प्रशस्तिपत्रक. आमच्या ह्यांना रस्सीखेचीत आपटून गुडघा फुटल्याबद्दल ‘उत्तेजनार्थ’ मिळालं. ह्यांनी ते कौतुकाने भिंतीला लावलं, मी त्याच खिळ्याला कॅलेंडर टांगलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग त्याची नजर आमच्या खळ्यावर पडली.

सोसायटीच्या कुंपणाला लागून आमचं खळं होतं. भात कापून झालं की दर कार्तिकात सासूबाई ती जागा खरवडून घ्यायच्या, पाणी मारून चोपून चोपून दगडासारखी करायच्या आणि शेणाने सारवायच्या. गुडघे दुखत असताना, ओणव्या होऊन, दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिला ओरडा खाल्ला तो खळ्यात चप्पल घातली म्हणून. त्या खळ्यावर थोरल्या भाऊजींचा डोळा होता. भाऊजी कल्याणला राहतात, आणि वाटणीत ती जागा त्यांच्याकडे गेलेली. विकून मोकळं व्हावं, असं त्यांचं दरवर्षीचं पालुपद. सासूबाईंनी सगळ्यांसमोर त्यांच्याकडून एक शब्द घेतला होता. “जवर या खळ्यात भात झोडलं जाईल, तवर नाय विकायचं. ज्या साली नाय झोडलं, त्या साली तुला काय करायचं ते कर.” भाऊजींनी मान डोलावली होती. म्हणून सासूबाई दरवर्षी सारवायच्या.

त्या वर्षी एके सकाळी मी उठून बघते तर खळ्यात पांढऱ्या रेघा! दोन बाजूंना बांबू रोवून मधे जाळी बांधलेली, आणि सोसायटीतले चार जण बूट घालून बॅडमिंटन खेळतायत. सारवून दोन दिवस झाले नव्हते. सासूबाई ओट्यावरूनच ओरडल्या, “खळ्यात चपला घालून कोन नाचतंय रे?”

फक्की शिट्टी सावरत पुढे आला. चेहऱ्यावर काय तो आनंद! “आजी, हे कोर्ट कुणी तयार केलं? काय लेव्हल आहे! एक खडा नाही. ग्रामपंचायतीने केलं का?”

“कोर्ट नाय त्ये, खळं हाय. लक्षुमी यायची हाय तिथं. पाय काढ आधी.”

त्याने पाय काढला, बूटही काढले, हातही जोडले. मला वाटलं, सुटलो. पण जाळी काही काढेना. शनिवारी आमची झोडणी ठरलेली, माणसं सांगून ठेवलेली. याची स्पर्धेची फायनल रविवारी. हा आमच्या ह्यांच्या मागे लागला. “रविवार संध्याकाळपर्यंतच द्या. सगळे अनवाणी खेळतील, माझी जबाबदारी. सोमवारी तुमचं खळं तुम्हाला.” आमचे हे म्हणजे मऊ भात. कुणीही कालवावा. “जाऊ दे गो, दोन दिसांनी काय व्हतं?” असं मलाच म्हणाले. सासूबाईंनी दोघांकडे बघितलं आणि आत निघून गेल्या.

दोन दिसांनी काय होतं, ते शनिवारी दुपारी कळलं. डिसेंबरात आभाळ भरून आलं आणि धो धो कोसळलं. झोडणी शनिवारी ठरलेली म्हणून भारे आधीच खळ्याच्या कडेला आणून नुसते टाकलेले, एकावर एक चढवून त्यांची उडवी रचलीच नव्हती. उडवी रचलेली असती तर वरचे चार भारे भिजले असते, आतलं भात वाचलं असतं. आम्ही दोघं ताडपत्री ओढत होतो, ती उडत होती, आणि खळ्यातल्या फक्कीच्या रेघा विरघळून शेणात पांढरे ओघळ चालले होते. वर्षभराचं पोटाचं भात डोळ्यांदेखत भिजत होतं. मी त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या. हो, काढल्या, आणि मोठ्याने काढल्या.

तर हा पावसात धावत आला. सोसायटीतल्या सगळ्यांना खाली बोलावलं, गाड्या बाहेर काढायला लावल्या आणि आमचे भारे पार्किंगमध्ये नेले. आणि तिथेही, विश्वास ठेवा, फक्की काढली! एका घराला एक चौकोन, चौकोनात भारे सोडून पसरायचे, ज्याच्या त्याने ते उलटेपालटे करायचे. बायकांनी घरातले टेबलफॅन आणून लावले. रविवारी त्याच पार्किंगमध्ये एका बाजूला ओलं भात आणि दुसऱ्या बाजूला बक्षीस समारंभ. फायनल झालीच नव्हती, तरी समारंभ! सासूबाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवायला आला. त्यांनी दार लावून घेतलं.

निम्म्याहून जास्त भात काळं पडलं, लोंबीतच मोड आले. जे वाळलं ते पार्किंगमध्येच झोडलं, कारण खळ्याचा चिखल झाला होता. सोसायटीतले लोक हौसेने झोडत होते, मोबाइलवर फोटो काढत होते, आणि फक्की शिट्टी वाजवत लोकांना रेघेच्या आत ठेवत होता. मला म्हणाला, “बघा, वाया नाही जाऊ दिलं.” छाती अशी पुढे काढून! मी तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात भाऊजी आले. चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, “आय, यंदा खळ्यात नाय झोडलंस ना?” सासूबाई म्हणाल्या, “नाय झोडलं.” एवढंच. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पाऊस होता, माणसं तयार होती, असं काही म्हणाल्या नाहीत. शब्द त्यांचा होता आणि त्या शब्दाला पक्क्या.

फक्कीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं. ओट्यावर उभी राहून, सोसायटीच्या वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “तुमच्या त्या फुलाच्या खेळापायी म्हातारीचं खळं गेलं, साहेब! आता मारा रेघा!”

“मला कुणी सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“विचारलंत कधी?”

त्यानंतर त्या हिवाळ्यात शेकोटीची कडी पुसट होत गेली, पण पुन्हा कुणी काढली नाहीत. तो शेकोटीला यायचा आणि सगळ्यात मागे, वाऱ्याच्या तोंडावर बसायचा. मी त्याला पुढे सरका म्हटलं नाही.

पुढच्या कार्तिकात सासूबाईंनी खळं सारवलं नाही. मार्गशीर्षात कंत्राटदाराचा माणूस आला. इमारतीचा पाया खणायचा तर आधी जमिनीवर आखणी करतात, आणि ती कशाने करतात? फक्कीने. तो सुतळी लावून रेघ मारायच्या तयारीत होता. सासूबाई खळ्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, म्हणून मीही गेले. आणि कुठे पांढरी पूड दिसली की येणारच, तसा हा माणूस कुंपणाच्या फाटकातून आला. आम्हाला बघून तिथेच थबकला.

सासूबाईंनी त्याला हाक मारली. “सायेब, इकडं या.” आजवर कधी त्यांनी त्याला साहेब म्हटलं नव्हतं. कंत्राटदाराच्या माणसाच्या हातातला डबा घेऊन त्यांनी त्याच्यापुढे धरला. “या खळ्यात पयली रेघ तुमी मारलीत. आता ही पन तुमीच मारा. तुमची सरळ असतेय.”

रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दळण आणून द्या, म्हणावं तसं बोलल्या.

मला वाटलं, पळून जाईल. गेला नाही. खाली बसला, बुटांचे बंद सोडले, मोजे काढले, माकडटोपीही काढली. थंडीत त्याचे पाय पांढरेफटक दिसत होते. डबा घेऊन तो खळ्यात उतरला आणि सुतळीच्या कडेने चालू लागला. पूड इकडे तिकडे सांडत होती. अर्ध्यावर रेघ सुतळी सोडून बाजूला गेली, परत आली, पुन्हा गेली. एवढ्या वर्षांत या माणसाची वाकडी रेघ मी पाहिली नव्हती. टोकाला पोचून त्याने मागे वळून बघितलं.

“काका, वाकडी गेली,” कंत्राटदाराचा माणूस म्हणाला.

“हो,” तो म्हणाला.

कंत्राटदाराच्या माणसाने बुटाने ती पुसली आणि स्वतः दुसरी मारली. सासूबाई घराकडे वळल्या.

उन्हाळ्यात फक्की लेकीकडे नाशिकला गेला, फ्लॅट भाड्याने दिलाय. आमच्या खळ्यावर आता तीन मजले चढलेत. त्याची आठवण काढून गळा काढायला मी काही तयार नाही. भात गेलं, खळं गेलं, ते त्याच्यापायीच गेलं, असं मी आजही शेकोटीला सगळ्यांदेखत म्हणते. पण ती वाकडी रेघ मारली त्या दिवशी तो बूट काखेत धरून निघाला. खळं संपलं, खडीचा रस्ता लागला, सोसायटीचं गेट आलं, वॉचमनने काहीतरी विचारलं, तरी त्याने ते पायात घातले नाहीत. तसाच अनवाणी जिना चढून गेला.